हजार रहस्यकथांचे धनी

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींनी झुंजार किंवा काळा पहाड वाचलाय? तुम्ही नसेल वाचला, तर आईला किंवा सासूबाईंना विचारून बघा. सांगलीच्या माहेरी आणि साताऱ्याच्या सासरी, दोन्हीकडे ही नावं माझ्या कानावर पडली. पुस्तक मात्र एकाही घरात शिल्लक नव्हतं.

या नायकांचे जनक बाबूराव अर्नाळकर. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. ९ जून १९०६ चा जन्म. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी भाग घेतला होता. पुढे गिरगावात चष्म्याचं दुकान चालवलं. लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून चष्मे देणारा हा माणूस उरलेल्या वेळात अंधाऱ्या वाटा, खून आणि दरोडे रंगवत बसायचा! लिहिल्या तरी किती? हजाराहून जास्त रहस्यकथा. आपल्याला महिन्याचा हिशोब लिहायचा कंटाळा येतो, तिथे हे आयुष्यभर लिहीत राहिले.

इंग्रजी रहस्यकथांची छाप त्यांच्यावर होती, पण माणसं आणि भाषा आपली. वाक्यं छोटी, शब्द सोपे. चौथी शिकलेल्या बाईलाही अडायला होत नसे. झुंजारच्या धाडसात त्याची बायको विजया असायची, धनंजयच्या जोडीला छोटू असायचा. छोटी छोटी पुस्तकं, किंमत कमी, आणि वाचनालयातून थोड्याशा भाड्यात घरी आणता यायची.

पण मान? तो काही मिळाला नाही. शहाण्यासुरत्या घरांत हे वाचन हलकं समजत. मुलं अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचत, बायका दुपारची निजानीज झाल्यावर. सगळ्यांनी वाचलं, जपलं कुणीच नाही. पानं सुटली की पुस्तक रद्दीत. ५ जुलै १९९६ ला बाबूराव गेले, तोवर त्यांची कितीतरी पुस्तकं दिसेनाशी झाली होती.

जी वाचनालयांत उरली, त्यांचाही भरवसा नाही. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकांचा लगदा झाला. नामवंत लेखकांची पुस्तकं पुन्हा विकत मिळतात. स्वस्त कागदावरचं, एकदाच छापलेलं पुस्तक गेलं की गेलंच.

म्हणून सतीश भावसारांचं काम मला मोलाचं वाटतं. त्यांनी अर्नाळकरांच्या निवडक कथा गोळा केल्या आणि राजहंस प्रकाशनाने त्या नव्याने छापल्या. हजारांपुढे त्या मूठभरच, पण आजच्या वाचकाच्या हाती काही तरी लागलं.

आमच्या महिला मंडळाच्या कपाटातली जाडजूड, बक्षीस मिळालेली पुस्तकं बऱ्याचदा तशीच राहतात. शाळा सुटून वीस वर्षं झालेल्या बाईला आधी वाचायची गोडी लागावी लागते. पुढे काय झालं, या एका प्रश्नापायी ती पान उलटते आणि नकळत पुस्तक संपवते. ही गोडी बाबूरावांनी कित्येक घरांत लावली. त्याला हलकं कसं म्हणायचं?

तेव्हा यंदा दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरची जुनी ट्रंक रद्दीवाल्यापुढे उपडी करू नका. एखादी फाटकी रहस्यकथा सापडली, तर आधी वाचा आणि मग जवळच्या वाचनालयात विचारा. कोण जाणे, शेवटची प्रत तुमच्याच घरी असायची!