सायकलवाले लक्ष्मणराव आणि नगरपालिकेचा हुकूम
बाळकुम नाक्यावर अवजड गाड्यांमधून सायकल काढायची म्हणजे जीव मुठीत. सायकलवाल्याला जागा नसणं हे दुखणं जुनंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच बघा. जन्म १८६९, गुर्लहोसूरचा. १८८८ मध्ये भाऊ रामूअण्णांच्या साथीनं बेळगावात सायकलचं दुकान टाकलं. सायकल विकायची, दुरुस्त करायची, चालवायलाही शिकवायची. पुढं लोखंडी नांगर केला. शेतकरी आधी घेईनात, लोखंडानं जमीन नासते म्हणे! धंदा कुठं बसतोय, तोच नगरपालिकेनं नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा खाली करायला लावली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळ दिला. नुसता निवडुंग आन् साप. तिथं १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. १९५६ मध्ये लक्ष्मणराव गेले. बेळगावात आता त्यांच्या नावाचा रस्ता आहे.