विश्लेषण : रोज किल्ली बदलूनही ‘एनिग्मा’ कसे फुटले? अ‍ॅलन ट्युरिंग यांच्या आयुष्यातून आजचा धडा

दूरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या ‘एसएसएच’मध्ये डेटा कूटबद्ध करणारी किल्ली किती वेळाने बदलावी, हे ठरवता येते. ती वेळेत का बदलावी, याचे उत्तर अ‍ॅलन ट्युरिंग यांच्या आयुष्यात सापडते.

ट्युरिंग कोण होते?

त्यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास प्रांतात आयसीएस अधिकारी असल्याने त्यांचे बालपण बरेचसे आई-वडिलांपासून दूर, इंग्लंडमध्ये गेले. केंब्रिजमध्ये गणित शिकलेल्या ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये मांडलेली काल्पनिक यंत्राची संकल्पना संगणकशास्त्राचा पाया ठरली.

एनिग्मा कसे फुटले?

महायुद्ध सुरू होताच, ४ सप्टेंबर १९३९ रोजी ते ब्लेचली पार्कमध्ये दाखल झाले. जर्मन सैन्य एनिग्मा यंत्राची मांडणी, म्हणजेच किल्ली, साधारणपणे रोज बदलत असे. दिवस बदलला की शोध पुन्हा पहिल्यापासून. पोलिश गणितज्ञांच्या कामाचा आधार घेत ट्युरिंग यांनी ‘बॉम्ब’ हे यंत्र रचले. हवामानवृत्तासारख्या ठरावीक मजकुराचा अंदाज बांधून ते चुकीच्या मांडण्या झपाट्याने बाद करी. किल्ली काही तासांत सापडली, तर त्या दिवसाचे सगळेच संदेश वाचता येत. ब्रिटनला अन्न आणि इंधन पुरवणारी जहाजे पाणबुड्यांपासून वाचवणे त्यावर अवलंबून होते.

आज किल्ली कधी बदलावी?

एसएसएचच्या मानकात दर एक जीबी डेटानंतर किंवा दर तासाने, जे आधी घडेल तेव्हा, किल्ली बदलण्याची शिफारस आहे. ‘ओपनएसएसएच’मध्ये ‘रीकी-लिमिट’ या पर्यायापुढे हे दोन्ही आकडे लिहितात. वेळेची मर्यादा त्यात आपोआप लागू नसते. ती स्वतः घालावी लागते. जोडणी न तुटता नवी किल्ली ठरते. एखादी किल्ली फुटलीच, तर तेवढ्याच टप्प्यातील डेटा उघड होतो. मात्र मर्यादा फारच कमी ठेवल्यास प्रोसेसरवर विनाकारण भार पडतो.

ट्युरिंग यांचे पुढे काय झाले?

युद्धातील त्यांचे काम अनेक वर्षे गुप्त राहिले. १९५२ मध्ये समलैंगिक संबंधांबद्दल त्यांना दोषी ठरवण्यात आले. तुरुंग टाळण्यासाठी त्यांना संप्रेरक उपचार स्वीकारावे लागले, सरकारच्या गोपनीय कामाची दारेही बंद झाली. ७ जून १९५४ रोजी, वयाच्या ४१व्या वर्षी, सायनाइडच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. ब्रिटनने त्यांना राजमाफी दिली ती २०१३ मध्ये, मृत्यूनंतर ५९ वर्षांनी.