डुकरांच्या फ्लूचा माग काढणारा डॉक्टर

‘स्वाइन फ्लू’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला तो २००९ मध्ये, पुण्यातील साथीमुळे. डुकरांमधील फ्लूचा विषाणू मात्र त्याच्या सुमारे ऐंशी वर्षे आधीच सापडला होता. त्याचे श्रेय जाते अमेरिकी डॉक्टर रिचर्ड शोप यांच्याकडे.

शोप यांचा जन्म १९०१ मध्ये आयोवा राज्यातला. १९२४ मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढे प्रिन्स्टनच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये पॉल लुईस यांच्यासोबत संशोधन करू लागले. आयोवा हा वराहपालनाचा मुलूख. १९१८ च्या महासाथीत तिथली डुकरेही खोकू लागली, तापाने फणफणली. हा माणसांचाच आजार आहे, असे जे. एस. कोएन या पशुवैद्यकाने सांगितले. पण मांसाचा खप घटेल या भीतीने व्यावसायिक त्यांच्यावर रागावले.

आजारी डुकरांच्या श्वासमार्गात लुईस आणि शोप यांना एक जिवाणू सापडला. माणसांच्या फ्लूचे कारण समजल्या जाणाऱ्या जिवाणूशी त्याचे विलक्षण साम्य होते. कल्चरच्या चाचणीवर विसंबून तिथेच थांबणे सोपे होते. पण तोच जिवाणू निरोगी डुकरांना दिला, तर ती आजारी पडेनात. १९२९ मध्ये ब्राझीलमध्ये पिवळ्या तापाचे संशोधन करताना लुईस यांचा मृत्यू झाला. शोप यांनी काम चालू ठेवले.

त्यांनी आजारी डुकरांचा स्राव जिवाणू अडकतील इतक्या बारीक गाळणीतून गाळला. गाळून आलेल्या द्रवाने डुकरांना सौम्य आजार झाला. त्यात जिवाणू मिसळल्यावर मात्र गंभीर. म्हणजे मूळ कारण विषाणू होते आणि जिवाणू त्याचा साथीदार. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. दोनच वर्षांनी लंडनच्या संशोधकांना माणसांमधील फ्लूचा विषाणू सापडला.

त्यानंतर शोप यांनी निरनिराळ्या वयाच्या माणसांचे रक्तद्रव तपासले. प्रौढांचे रक्तद्रव डुकरांच्या विषाणूला बहुधा निष्प्रभ करी, लहान मुलांचे सहसा नाही. १९१८ च्या साथीने मोठ्यांच्या रक्तात आपली खूण मागे ठेवली होती, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १९१८ च्या विषाणूची जनुके वाचली गेली आणि हे नाते पक्के झाले.

आज पीसीआर चाचणी काही तासांत विषाणूची जनुके शोधते. प्रतिपिंडांची चाचणी पूर्वी होऊन गेलेला संसर्ग सांगते. एकीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसरी देत नाही. कल्चरमध्ये जिवाणू दिसला म्हणून शोप यांनी तपास संपवला नाही. अहवाल हातात आल्यावर ‘या चाचणीने नेमके काय शोधले?’ हे डॉक्टरांना विचारायला रुग्णानेही संकोच करू नये.