थोरो आणि अरण्याचा नकाशा

हेन्री डेव्हिड थोरो हे नाव भारतीय वाचकाला प्रायः दोन संदर्भांत परिचित आहे. अन्यायी शासनाला कर नाकारणारा विचारवंत म्हणून गांधीजींच्या चरित्रातून तो आपल्याला भेटतो, आणि तळ्याकाठी झोपडी बांधून राहिलेला चिंतक म्हणून ‘वॉल्डन’ या ग्रंथातून. दुर्गा भागवत यांनी या ग्रंथाचा मराठी अनुवाद केल्यामुळे मराठी रसिकालाही तो परका राहिलेला नाही. तथापि हा चिंतक आपल्या उत्तरायुष्यात पोटासाठी जमीन मोजीत असे, ही गोष्ट चरित्रातील एक किरकोळ तपशील म्हणून बाजूला सारली जाते. वस्तुतः त्याच्या जीवनातील एक खोल पेच या व्यवसायातच दडलेला आहे.

थोरोचा जन्म 12 जुलै 1817 रोजी मॅसॅच्युसेट्समधील काँकर्ड या गावी झाला. वडील पेन्सिली तयार करीत. 1837 मध्ये हार्वर्डमधून पदवी घेतल्यानंतर त्याने थोरला भाऊ जॉन याच्यासह शाळा चालविली, आणि मुलांना गणिताचा प्रत्यक्ष उपयोग कळावा म्हणून 1840 च्या सुमारास मोजणीची साधने मिळविली. जानेवारी 1842 मध्ये जॉन धनुर्वाताने गेला. शाळा त्याआधीच बंद झाली होती. साधने मात्र हाती राहिली, आणि पुढे तीच त्याच्या चरितार्थाचा आधार झाली.

1846 हे वर्ष या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. वॉल्डन तळ्याला तळच नाही, अशी गावात समजूत होती. त्या वर्षाच्या आरंभी, तळे गोठलेले असताना, थोरोने बर्फाला भोके पाडून शंभराहून अधिक ठिकाणी दोर सोडला आणि सर्वाधिक खोली 102 फूट असल्याचे निश्चित केले. ‘वॉल्डन’मध्ये छापलेला तळ्याचा नकाशा तो हाच. जुलैमध्ये कर न भरल्याबद्दल त्याने एक रात्र तुरुंगात काढली. आणि 31 ऑगस्ट रोजी तो मेन राज्यातील कटाडिन पर्वताकडे निघाला.

मेनचे उत्तरेकडील अरण्य त्या काळी बहुतांशी निर्मनुष्य होते. 1820 मध्ये मेन हे मॅसॅच्युसेट्सपासून वेगळे झाले, तेव्हा तेथील सार्वजनिक भूमी दोन्ही राज्यांत विभागली गेली. या भूमीचे साधारणतः सहा मैल बाजूचे चौकोन पाडून त्यांना क्रमांक देण्यात आले होते, आणि लाकडाच्या व्यापाऱ्यांना ते विकले जात. अशा प्रदेशात शिरणाऱ्या प्रवाशाला नकाशा मिळविणे हीच पहिली अडचण असे. थोरो आणि त्याचे सोबती मॅटवामकीग येथील एका खाणावळीत उतरले, तेव्हा त्यांच्याजवळ खिशात बाळगण्याजोगा नकाशा नव्हता. भिंतीवर मोझेस ग्रीनलीफ याच्या मेनच्या नकाशाची अखेरची आवृत्ती टांगलेली होती. त्यांनी दिव्याच्या तेलात बोळा बुडवून कागदाला चोळला आणि त्या पारदर्शक झालेल्या कागदावर सरोवरांचा प्रदेश निष्ठेने गिरवून घेतला. पुढे प्रत्यक्ष जलमार्गाने जाताना कळून आले, की आपण गिरविली ती चुकांची जाळी होती. त्यातील कित्येक सरोवरे केवळ कागदावरच होती. नकाशा हे नाव शोभेल असा एकच नकाशा आपल्या पाहण्यात आला, असे त्याने लिहून ठेवले आहे, आणि तो म्हणजे मेन व मॅसॅच्युसेट्स यांच्या सार्वजनिक भूमीचा नकाशा.

या अभिप्रायात एक विपर्यास आहे. सार्वजनिक भूमीची मोजणी होत होती ती मुख्यतः तिच्या विक्रीसाठी. जे विकायचे ते आधी मोजावे लागते, हद्दी ठरवाव्या लागतात. म्हणजे अरण्यात जाऊ इच्छिणाऱ्याला सर्वांत विश्वासार्ह वाटणारा नकाशा हा त्या अरण्याच्या तोडीच्या व्यवहाराशीच बांधलेला होता.

हा विपर्यास लवकरच थोरोच्या स्वतःच्या जीवनात उतरला. वॉल्डनहून परतल्यानंतर त्याने मोजणीदार म्हणून रीतसर जाहिरात केली. त्याची मोजणी अत्यंत काटेकोर होती. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते हे जाणण्यासाठी 1851 च्या फेब्रुवारीत त्याने ध्रुवताऱ्याचा वेध घेऊन खरी उत्तर-दक्षिण रेषा निश्चित केली. त्याने केलेल्या मोजण्यांचे दोनशेच्या आसपास कागद काँकर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयात जतन केलेले आहेत. त्यांतील पुष्कळसे काम रानांच्या तुकड्यांचे आहे, आणि हे तुकडे मोजले जात ते वाटणीसाठी, लिलावासाठी, तोडीसाठी. ज्या रानात तो रोज फिरे, त्याच रानात साखळी ओढून तो त्याची विक्री सुकर करीत होता. मोजणीच्या दिवसांत आपली दृष्टी कोती होते, ही खंत त्याच्या दैनंदिनीत पुन्हा पुन्हा उमटते. परंतु त्याच कामाने त्याला शेतकऱ्यांच्या रानांत मुक्त प्रवेश दिला. पाइनचे रान तोडल्यावर तेथे ओक का उगवतो, या प्रश्नाचा त्याने लावलेला छडा 1860 मध्ये वनवृक्षांच्या अनुक्रमावरील व्याख्यानात प्रकट झाला, आणि त्यामागे या भटकंतीतील निरीक्षण होते.

मेनला तो आणखी दोनदा गेला. 1853 मध्ये पेनॉबस्कॉट जमातीचा जो एटियन त्याचा वाटाड्या होता, तर 1857 मध्ये त्याच जमातीचा जो पोलिस. या तिसऱ्या प्रवासात मड पाँडजवळच्या वाटेवर थोरो आणि त्याचा सोबती एडवर्ड होर भलत्याच रस्त्याने दलदलीत भरकटले. पोलिसने त्यांना शोधून काढले. वाट कशी ओळखतोस, असे विचारले असता पोलिसला ते ज्ञान शब्दांत मांडता येईना. काटेकोर मोजणीदाराला आपल्या विद्येची सीमा येथे दिसली. तथापि त्याने नकाशाचा त्याग केला नाही. मेनच्या प्रवासाला निघणाऱ्यासाठी त्याने सामानाची जी यादी केली, तीत उत्तम खिसेवजा नकाशा, होकायंत्र आणि मोजपट्टी ही आहेतच.

1858 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रवासाच्या वृत्तान्ताच्या शेवटी त्याने एक नवा विचार मांडला: राजांनी शिकारीसाठी राने राखली, तर प्रजासत्ताकाने सर्वांच्या आत्मिक पोषणासाठी राष्ट्रीय राखीव अरण्ये का ठेवू नयेत? पुढे प्रत्येक गावाने पाचशे वा हजार एकरांचे आदिम रान कायम सार्वजनिक ठेवावे, असेही त्याने सुचविले. हद्द आखण्याच्या विद्येला त्याने येथे दुसरे प्रयोजन दिले. ज्या रेषेने रान विकले जाते, त्याच रेषेने ते राखताही येते.

6 मे 1862 रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, क्षयाने त्याचा अंत झाला. अखेरच्या अस्फुट शब्दांत मेनमधील मूस हा प्राणी आणि तेथील मूळ रहिवासी यांचा उल्लेख होता, असे त्याच्या मित्राने नोंदविले आहे. ‘द मेन वुड्स’ हा ग्रंथ 1864 मध्ये, त्याच्या पश्चात, प्रसिद्ध झाला. वॉल्डनचा परिसर 1922 मध्ये खाजगी मालकांच्या दानातून मॅसॅच्युसेट्स राज्याकडे आला; कटाडिनचे शिखर 1931 मध्ये पर्सिव्हल बॅक्स्टर याने मेनच्या जनतेला दिले. थोरोला या दोन्ही गोष्टी पाहता आल्या नाहीत. त्याच्या निसर्गलेखनातील आर्तता केवळ भावुक नाही. रान कसे मोजले जाते आणि कशासाठी, हे ज्याच्या हातांना ठाऊक होते, अशा माणसाची ती आर्तता आहे.