सतीउन्निसा खानम : शहजादीच्या उस्तानी

मोगल जनानखान्यातील स्त्रिया म्हटल्या की नूरजहान आणि मुमताज महल ही दोन नावे चटकन ओठांवर येतात. मुमताजच्या लेकीला ज्या बाईंनी शिकविले, त्यांचे नाव मात्र पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही.

सतीउन्निसा खानम या मूळच्या इराणातील माझंदरान प्रांतातल्या. आमुल हे त्यांचे गाव. त्यांचे बंधू तालिब आमुली यांना जहांगीर बादशहाने १६१९ साली राजकवी केले. बहीण हिंदुस्थानात आली तेव्हा तिला भेटण्यासाठी या राजकवीने बादशहाकडे रजेचा अर्ज केला, आणि तोही काव्यात!

पती नसीरा यांचे निधन झाले. पदरी मूल नव्हते. परमुलखात विधवा बाईच्या गाठीला उरली ती विद्याच. शास्त्रशुद्ध कुराणपठण, फारसी साहित्य आणि वैद्यक यांत त्या निष्णात होत्या. मुमताज महलने त्यांना सेवेत घेतले, पुढे आपली मोहोर त्यांच्या हाती दिली आणि शहजादी जहांआराचे शिक्षणही सोपविले. कुराण आणि फारसी जहांआरा त्यांच्यापाशीच शिकली. हीच शहजादी पुढे सूफी संतांच्या चरित्राची लेखिका झाली, यात या उस्तानींचा वाटा केवढा असेल!

त्यांचे दुसरे एक काम मला तितकेच मोलाचे वाटते. गरजू विधवा, अनाथ मुली यांची गाऱ्हाणी त्या मुमताजच्या कानी घालीत व ती बादशहाकडे नेई. कुणाला जमीन, कुणाला वेतन, कुणाला लग्नखर्च मिळे.

जून १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला बाळंतपणात मुमताज वारली. डिसेंबरात तिचे शव आग्र्याला नेले तेव्हा शहजादा शुजाबरोबर सतीउन्निसा होत्या. त्यानंतर शाहजहानने जनानखान्याचा कारभार त्यांच्याकडे दिला. १६३३ साली दारा शुकोहच्या लग्नातही त्यांनी मोठी जबाबदारी उचलली.

भावाच्या मुलींना त्यांनी आपल्या मानले होते. त्यांतील धाकटी लाहोरला बाळंतपणानंतर गेली. बादशहाने सांत्वन केले, पण हा घाव त्यांना सोसला नाही. मुलीच्या मागोमाग, जानेवारी १६४७ मध्ये, लाहोरलाच त्यांचे निधन झाले. दफनासाठी खजिन्यातून १०,००० रुपये मंजूर झाले. वर्षाहून अधिक काळाने शव आग्र्याला आणले गेले. ताजमहालाच्या पश्चिमेस, जिलौखान्याच्या चौकालगत, ३०,००० रुपये खर्चून बांधलेल्या मकबऱ्यात त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्याच्या देखभालीसाठी एका गावाचे उत्पन्न लावून दिले होते.