तारेने बांधलेल्या बंदुकीपासून रिग्बीपर्यंत

गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांवर भिजणाऱ्या राहाता तालुक्यात उसाच्या फडातून बिबट्या निघाला, की वनखात्याचा पिंजरा येईपर्यंत दोन विषय निघाल्यावाचून राहत नाहीत. एक बंदुकीचा, दुसरा जिम कॉर्बेटचा. पहिला विषय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निकालात काढला आहे. दुसऱ्याबाबत मात्र एक गैरसमज अजून टिकून आहे. कॉर्बेट म्हणजे संस्थानिकांप्रमाणे उंची रायफलींचा ताफा बाळगणारा गोरा साहेब, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती याहून निराळी होती.

२५ जुलै १८७५ रोजी नैनितालमध्ये जन्मलेला जिम लहान असतानाच त्याचे वडील वारले. ते तेथील पोस्टमास्तर होते. मागे मोठे कुटुंब आणि बेताचे उत्पन्न उरले. हिवाळ्यात हे कुटुंब पायथ्याच्या कालाढुंगीला राहावयास येई आणि तेथील जंगल हीच जिमची खरी शाळा झाली. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एका आप्ताने त्याला ठासणीची एक दुनळी बंदूक दिली. जास्त दारू ठासल्यामुळे तिची एक नळी पूर्वीच फाटलेली होती, दस्ताही तडकलेला होता आणि नळ्या व दस्ता पितळी तारेने एकमेकांना आवळून बांधलेले होते. ही त्याची पहिली बंदूक. चालणारी नळी एकच, आणि दारू व छरे मोजके. एक बार उडवला, की पुन्हा दारू ठासेपर्यंत समोरचा प्राणी थांबत नाही, हे ती बंदूक त्याला रोज शिकवीत होती. कुंवरसिंग नावाच्या, चोरून शिकार करणाऱ्या गावकऱ्याने त्याला वाटा, माग आणि आवाज शिकवले.

पुढे नैनितालच्या स्वयंसेवक दलात छात्र असताना त्याला .४५० बोअरची मार्टिनी-हेन्री रायफल वापरावयास मिळाली. ही सैनिकांची रायफल एकेका काडतुसाची, जड आणि कोवळ्या खांद्याला चांगलाच हिसका देणारी होती. पहिला बिबट्या त्याने याच उसन्या हत्याराने मारला. विशीच्या आतच तो रेल्वेत सरपणाच्या पुरवठ्यावर देखरेख करणारा निरीक्षक झाला आणि त्यानंतर मोकामा घाटावर मालाच्या चढउताराचे कंत्राट घेऊन वीसहून अधिक वर्षे तेथे राबला. मिळकतीचा मोठा वाटा घरी जाई.

त्या काळी मोठ्या शिकारीसाठी बेतून घेतलेली रायफल म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. प्रतिष्ठेचे हत्यार म्हणजे दुनळी रायफल. तिच्या दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठराविक अंतरावर एकाच जागी पडाव्यात म्हणून कारागिराला पुन्हा पुन्हा गोळ्या झाडून, नळ्या सोडवून आणि पुन्हा जोडून जुळणी करावी लागे. तिची किंमत असे ती या हातकामाची. यावर स्वस्त उपाय जर्मनीच्या माउझर बंधूंच्या यंत्रणेतून निघाला. लष्करासाठी कारखान्यात तयार होणारा हा भक्कम खटका घ्यावयाचा, त्यावर चांगली नळी चढवावयाची आणि अक्रोडाचा दस्ता मालकाच्या खांद्याला बसेल असा घडवावयाचा. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच मार्ग धरला. दुनळीच्या तुलनेत अशी रायफल हलकी आणि पुष्कळच स्वस्त पडे.

१९०७ साली कॉर्बेट चंपावतच्या वाघिणीमागे गेला तेव्हा त्याच्याकडे अशी रायफल नव्हती. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी नोंदलेले होते. हातात .५०० बोअरची रायफल आणि तीनच काडतुसे. तिन्ही संपली, वाघीण जखमी झाली, पण पडली नाही. तेव्हा त्याने धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक घेतली. नळ्या आणि पाठीमागचा भाग यांच्यात फट राहिलेली ती बंदूक डोळ्यांवर उलटण्याचीच भीती. नेम धरला वाघिणीच्या उघड्या जबड्यावर, गोळी लागली पंजाला! सुदैवाने आधीच्या गोळ्यांनी आपले काम केलेले होते.

तपासणीत त्या वाघिणीच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे तुटलेले आढळले. जुन्या गोळीची ती जखम होती. नैसर्गिक भक्ष्य धरता न आल्याने ती माणसाकडे वळली, असा कॉर्बेटचा निष्कर्ष होता. कोण्या अनोळखी शिकाऱ्याने बार टाकला आणि जखमी जनावराचा माग न काढता तो घरी गेला. त्याची किंमत शेकडो कुटुंबांनी मोजली. हत्यार स्वस्त असणे हा दोष नव्हे. ते बेभरवशाचे असणे, किंवा ते धरणारा हात बेपर्वा असणे, हा खरा दोष होय. माझ्या मते कॉर्बेटच्या उर्वरित आयुष्याची किल्ली येथेच आहे.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन हेवेट यांनी त्याला .२७५ बोअरची रिग्बी रायफल भेट दिली. दस्त्यावर चांदीची पट्टी होती, पण आत तीच माउझरची यंत्रणा. वाघासाठी ही सात मिलिमीटरची गोळी लहानच म्हणावी लागेल. पुढे जेफ्री कंपनीची वजनदार दुनळीही त्याच्याकडे आली. तरी रुद्रप्रयागचा बिबट्या, १२५ बळींची सरकारी नोंद असलेला, १९२६ च्या मे महिन्यात मारला गेला तो रिग्बीनेच. १९३० साली चौगढच्या वाघिणीशी गाठ पडली तेव्हा कॉर्बेटच्या डाव्या हातात रातव्याची अंडी होती. अवघ्या काही फुटांवर वाघीण बसलेली. त्याने उजव्या हाताने रायफल अगदी सावकाश फिरवली आणि एका हातानेच चाप ओढला. जड दुनळी असती तर हे साधले असते का, याची शंकाच आहे.

तोवर त्याचे मन बंदुकीतून उतरू लागले होते. चलच्चित्राचा कॅमेरा हाती आला. १९३६ साली स्थापन झालेल्या हेली राष्ट्रीय उद्यानासाठी त्याने खटपट केली. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ हे पुस्तक १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने आपल्या मुंबईतच छापले, आणि पहिल्या आवृत्तीचे उत्पन्न त्याने युद्धात अंध झालेल्या सैनिकांना दिले. १९४७ च्या अखेरीस बहीण मॅगीसह तो केनियातील न्येरीला गेला आणि १९ एप्रिल १९५५ रोजी तेथेच वारला. हेली उद्यानाला पुढे त्याचे नाव मिळाले.

रिग्बी रायफल त्याच्या प्रकाशकांकडे गेली होती. २०१५ साली ती बनवणाऱ्या कंपनीनेच ती विकत घेतली आणि २०१६ मध्ये कुमाऊँतील गावकऱ्यांना ती पाहावयास मिळाली.