रमाबाई रानडे व परिचारिकेची विद्या

सलाईनची सुई हातात असलेला रोगी हिंगोलीच्या सरकारी रुग्णालयात आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्या सुईची वाट थेट रक्तात जाते. म्हणून परिचारिका आधी आपले हात स्वच्छ करते, रोग्याची त्वचा जंतुनाशक औषधाने पुसून वाळू देते आणि त्या जागी पुढे लाली, सूज किंवा ठणका दिसताच ती सुई काढविते. ही विद्या आपल्या मुलींनी शिकावी, एवढे मान्य करावयासही आपल्या समाजास फार वेळ लागला. तो मार्ग ज्यांनी सुकर केला, त्या रमाबाई रानडे यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली, हल्लीच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावी झाला. १८७३ साली त्यांचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. पतीने त्यांस शिकविले, व त्यापायी घरातील वडील स्त्रियांचा रोष त्यांनी सोसला. १९०१ साली त्यांस वैधव्य आले.

१९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले. पुढे तेथील विद्यार्थिनी परिचारिकेचे शिक्षण घेण्यास ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. मिशनच्या दवाखान्यांतून ख्रिस्ती भगिनी हे काम आधीपासून करीत होत्या. परंतु उच्चवर्णीय घरांत ते हलके समजले जाई. परक्याच्या जखमेस हात लावावयाचा, तेव्हा सोवळ्याचे काय? आम्हांस वाटते, खरी गंमत येथेच आहे. हात धुण्यात त्या घरांतील स्त्रिया कोणास हार जाणाऱ्या नव्हत्या! पण सोवळे स्वतःस विटाळ होऊ नये म्हणून, तर परिचारिकेचे हात धुणे रोग्यास अपाय होऊ नये म्हणून.

एकदा संस्थेच्या वार्षिक संमेलनात केशवपन केलेली एक विधवा बक्षीस घेण्यास व्यासपीठावर आली. गॅलरीतील विद्यार्थी तिची हेटाळणी करू लागले. रमाबाईंनी समारोपाच्या भाषणात त्यांस चांगलेच खडसावले. अशी दुर्दैवी बहीण वा आप्त कोणाच्या घरी नाही, असे विचारून त्यांच्या सुशिक्षितपणाचीच झडती घेतली.

१९२४ साली रमाबाई निवर्तल्या. तोवर परिचारिकेचे काम पत्करणाऱ्या मुलीकडे पाहण्याची महाराष्ट्राची दृष्टी पालटू लागली होती.